जपानची माकडं गरम पाण्यात का बसतात? आणि रामटेकच्या वानरांना फुटाणे का टाकू नयेत?

थंडी सुरू झाली की एक रील हमखास फिरायला लागतं. आजूबाजूला पांढराशुभ्र बर्फ, मधे वाफाळतं पाणी आणि त्यात गळ्यापर्यंत बुडून, डोळे मिटून बसलेलं लाल तोंडाचं माकड. खाली कमेंट ठरलेल्या असतात. ‘सोमवारी सकाळी मी’, ‘याच्यापेक्षा आपलं आयुष्य काय वेगळं’, ‘पुढच्या जन्मी जपानचं माकड’.

आता दुसरं दृश्य. कोराडीला जगदंबेचं दर्शन झालं, तिथल्याच रामायण सांस्कृतिक केंद्रात एक चक्कर झाली आणि गाडी रामटेकच्या दिशेने निघाली. नागपूर परिसरातल्या अनेक कुटुंबांचा हा ठरलेला बेत. गडावर पोहोचताच काळ्या तोंडाचं वानर समोर येतं. पोरं खूश होतात. कुणी फुटाण्यांची पुडी उघडतं, कुणी मोबाईल काढतं. पुढच्या क्षणाला वानर पुडीसकट प्रसादाची पिशवीही घेऊन परकोटावर असतं.

दोन्हीकडे माणसं एकाच गोष्टीसाठी जातात. रानातलं माकड पिंजऱ्याशिवाय, हातभर अंतरावरून बघायला. पण जपानमधल्या त्या दरीत अनेक दशकं हे बऱ्यापैकी शिस्तीत चाललं आहे आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी त्याचा शेवट ओरबाडण्यात होतो. असं का? समजून घेऊ.

ही गरम पाण्यातली माकडं नेमकी कुठली?

जपानच्या नागानो प्रांतात यामानोउची नावाचं गाव आहे. तिथल्या योकोयु नदीच्या दरीत, साधारण ८५० मीटर उंचीवर, ‘जिगोकुदानी याएन-कोएन’ हे उद्यान आहे. जिगोकुदानी म्हणजे नरकाची दरी. जमिनीतून फुसफुसत बाहेर येणारी वाफ आणि उकळतं पाणी पाहून जुन्या लोकांनी हे नाव ठेवलं. याएन-कोएन म्हणजे रानमाकडांचं उद्यान.

इथे राहतं ते जपानी मकाक. शास्त्रीय नाव मकाका फुस्काटा. माणूस सोडला तर जगात इतक्या उत्तरेला राहणारा दुसरा कोणताही वानरवर्गीय प्राणी नाही. अंगावर दाट केस, शेपूट जेमतेम बोटभर. थंडीत उष्णता वाचवायची असेल तर लांब शेपूट परवडत नाही.

दरीत वर्षातले जवळपास चार महिने बर्फ असतो. पारा उणे दहाच्याही खाली जातो. फळं, पानं संपलेली असतात, त्यामुळे झाडांच्या साली आणि कळ्या खाऊन दिवस काढावे लागतात. उब मिळवण्याचा या माकडांचा मूळ उपाय म्हणजे एकमेकांना घट्ट बिलगून बसणं. जपानीत त्याला ‘सारु दांगो’ म्हणतात. शब्दशः अर्थ घेतला तर ‘माकडांचा लाडू’.

मग ती पाण्यात कधी उतरली?

आंघोळीची ही सवय प्राचीन नाही. ती साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या डोंगराळ भागात स्कीईंगची केंद्रं उभी राहू लागली, जंगल कमी झालं. माकडं खाली उतरली आणि सफरचंदाच्या बागांवर तुटून पडली. शेतकरी वैतागले. माकडांना मारण्याची परवानगी मिळावी, अशी मागणी होऊ लागली. त्यांना वाचवण्यासाठी काही स्थानिक मंडळींनी दरीत, शेतांपासून लांब, माकडांना खाणं द्यायला सुरुवात केली. हेतू एवढाच, की पोट इथेच भरलं तर ती बागेत जाणार नाहीत.

त्याच दरीत १८६४ मध्ये बांधलेली ‘कोराकुकान’ ही जुनी सराई आहे. तिच्या उघड्यावरच्या गरम पाण्याच्या कुंडात १९६३ च्या सुमारास एक लहान माकड उतरलं. त्याला आवडलं असावं. इतर पिल्लांनी पाहिलं, तीही उतरली. मग त्यांच्या आया उतरल्या. माकडं एकमेकांचं बघून शिकतात आणि शिकलेलं पुढच्या पिढीला देतात, याचं हे ठळक उदाहरण. याआधी १९५३ मध्ये जपानच्याच कोशिमा बेटावर एका लहान मादीने रताळी पाण्यात धुऊन खायला सुरुवात केली होती आणि हळूहळू कळपातली इतर माकडंही तसं करू लागली. संशोधकांनी तिचं नाव ‘इमो’ ठेवलं होतं. इमो म्हणजे रताळंच.

माणसं आणि माकडं एकाच कुंडात, हे काही स्वच्छतेला धरून नव्हतं. १९६४ मध्ये उद्यान सुरू झालं आणि माकडांसाठी वेगळं कुंड तयार करण्यात आलं. आज रीलमध्ये दिसतं ते हेच कुंड. पाणी नैसर्गिक, माकडं रानातली, पण कुंड माणसाने बांधलेलं.

जगाला ही माकडं दिसली ती जानेवारी १९७० मध्ये, ‘लाइफ’ मासिकाच्या मुखपृष्ठावर. नंतर १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकने त्यांची प्रसिद्धी आणखी वाढवली.

ती पाण्यात मजा म्हणून बसतात की गरज म्हणून?

क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांनी याचा अभ्यास केला. तो २०१८ मध्ये ‘प्रायमेट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी १२ प्रौढ माद्या निवडल्या, त्या किती वेळ पाण्यात बसतात याची नोंद ठेवली आणि त्यांच्या विष्ठेतल्या ताणाशी संबंधित संप्रेरकांचं प्रमाण मोजलं.

निष्कर्ष साधा होता. माद्या वसंतापेक्षा थंडीत जास्त वेळा पाण्यात उतरत होत्या आणि आंघोळीच्या काळात त्यांच्यातला ताण कमी आढळत होता. म्हणजे हे कुंड त्यांना खरोखर उपयोगी पडतं.

अजून एक गोष्ट समोर आली. कळपात ज्यांचा दर्जा वरचा, त्या माद्या पाण्यात जास्त वेळ बसतात. खालच्या दर्जाच्या माद्यांच्या वाट्याला कमी वेळ येतो. कळपातली सगळीच माकडं पाण्यात उतरत नाहीत. बरीचशी काठावरच असतात, ती रीलच्या चौकटीबाहेर राहतात.

आपल्याकडे गरम पाण्याचे झरे आहेत, मग माकडं का बसत नाहीत?

झरे आहेत आणि भरपूर आहेत. कोकण पट्ट्यात १८ ठिकाणी मिळून ६० च्या आसपास झरे नोंदले गेले आहेत. वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, संगमेश्वरजवळचं तुरळ, राजापूरची उन्हाळे. विदर्भाच्या सीमेवर किनवट तालुक्यात पैनगंगेजवळ उनकेश्वर, खानदेशात उनपदेव. यातल्या बहुतेक नावांत ‘ऊन’ किंवा ‘उन्ह’ आहे, हे लक्षात आलं असेल. ऊन पाणी म्हणजे गरम पाणी. गावांची नावंच झऱ्यावरून पडली आहेत.

फरक एवढाच, की जपानमध्ये पाणी तापतं ते ज्वालामुखीच्या उष्णतेने. महाराष्ट्रात आज जिवंत ज्वालामुखी नाही. इथे पावसाचं पाणी जमिनीतल्या खोल भेगांमधून खाली जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि भेगांमधूनच पुन्हा वर येतं. उन्हवऱ्याचं पाणी तर ७० अंशांच्या आसपास असतं. जिगोकुदानीच्या कुंडात ते ४० अंशांच्या आसपास ठेवलेलं असतं.

पण खरं कारण पाण्यात नाही, हवेत आहे. नागपूरची आजवरची सर्वांत थंड नोंद ३.५ अंश सेल्सिअस, २९ डिसेंबर २०१८ ची. ती गाजली कारण ती अपवाद होती. रामटेकच्या वानराला थंडी घालवायला झऱ्याची गरजच पडत नाही. त्याचा कसोटीचा काळ मे महिना, जेव्हा पारा ४५ च्या पुढे जातो आणि पाणवठे आटतात.

पाण्यात खेळणारी माकडं भारतात नाहीत असं मात्र नाही. जयपूरजवळच्या गलताजीला डोंगरातल्या झऱ्याचं पाणी कुंडांमध्ये साठतं आणि तिथली लाल तोंडाची माकडं त्यात उड्या मारतात, पोहतात. पाणी गरम नाही, पण राजस्थानच्या उन्हाळ्यात गरम पाणी हवंय कुणाला?

वानर आणि माकड एकच का?

नाही. बाकी सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, हे आपण विसरत चाललो आहोत. काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं, मीटरभर शेपटीचं ते वानर. हिंदीत लंगूर. लालसर किंवा गुलाबी तोंडाचं, भुऱ्या रंगाचं ते माकड. माथेरान, महाबळेश्वरला दिसतं ते टोपी घातल्यासारखे केस असलेलं माकड. जपानचं मकाक हे या माकडाचं चुलत भावंडं म्हणता येईल. रामटेकचं वानर मात्र वेगळ्याच घराण्यातलं.

सर्वांत मोठा फरक पोटात आहे. माकड जवळपास काहीही खातं आणि जास्तीचं गालातल्या पिशवीत भरून ठेवतं. वानराला गालाची पिशवी नसते. त्याचं जठर कप्प्याकप्प्यांचं असतं, थोडंफार गाईसारखं. या कप्प्यांमध्ये सूक्ष्मजीव असतात आणि ते पानं आंबवून पचवतात. म्हणून कडक, तुरट, काही प्रमाणात विषारी पानंही वानर खाऊ शकतं. पानांसोबत ते फुलं, शेंगा, बिया, रानफळंही खातं. पण बिस्किटं, पेढे, केळी, ब्रेड असं साखर आणि पिठाचं खाणं एकदम पोटात गेलं तर ते फार वेगाने आंबतं आणि पोटातलं आम्ल वाढतं. आपण ज्याला प्रेमाने भरवतो, त्याच्या पोटाचं गणित आपणच बिघडवतो.

जपानमध्येही खाणं देतातच ना?

देतात. आणि हे लपवायचं कारण नाही. जिगोकुदानीची माकडं रोज दरीत येतात, ती उद्यानाचे कर्मचारी खाणं टाकतात म्हणूनच. रात्री ती डोंगरात परत जातात. कुंपण नाही, त्यामुळे एखाद्या दिवशी ती आलीच नाहीत, असंही होतं.

पण तिथे खाणं फक्त कर्मचारी देतात. ते सार्जव, सोयाबीन, सफरचंद असं ठरलेलं असतं आणि जमिनीवर पसरून टाकलेलं असतं. पर्यटकाने द्यायचं नाही, दाखवायचंही नाही. माकडांना हात लावायचा नाही, डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही, सेल्फी स्टिक काढायची नाही. परिणाम असा की माकडाच्या डोक्यात ‘माणूस म्हणजे खाऊ’ हे समीकरण बसलेलं नाही. ते तुमच्या पायाजवळून जातं आणि तुमच्याकडे बघतही नाही. पर्यटकांना वाटतं माकड माणसाळलं आहे. खरं तर त्याला तुमच्यात रसच नसतो.

हे सगळीकडे जमलं असंही नाही. जपानमध्ये ओइता शहराजवळ ताकासाकियामा डोंगरावर १९५३ मध्ये असंच उद्यान सुरू झालं. तिथेही कारण शेतीचं नुकसान हेच होतं. आयतं खाणं मिळाल्यावर दोनशेच्या आसपास असलेली माकडं पुढे दोन हजारांच्या घरात गेली. मग खाणं कमी करावं लागलं. निक्को या पर्यटनस्थळी तर माकडं पर्यटकांच्या पिशव्या हिसकावू लागली, दुकानांत शिरू लागली. शेवटी २००० मध्ये निक्को शहराने माकडांना खाणं देण्यावर बंदी घालणारा स्थानिक नियम केला.

म्हणजे रामटेकला जे दिसतं, ते जपानने आधीच पाहिलं आहे.

फुटाण्याच्या एका पुडीने असं काय होतं?

एका पुडीने काही होत नाही. पण पुडी एक नसते.

रामटेक नागपूरपासून साधारण ५० किलोमीटरवर. गडावर राममंदिर, आसपास वाकाटककाळातली नरसिंहाची मंदिरं, कालिदासाच्या रामगिरीशी जोडलं गेलेलं नाव. रामनवमीला आणि कार्तिक पौर्णिमेला मोठी गर्दी. रामाचा गड आणि तिथे वानरं, मग भाविकाच्या मनात हनुमान येणारच. त्या भावनेला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्या भावनेतून दिलेल्या खाण्याचे परिणाम एकामागून एक येतात.

पहिलं, वानर झाडावरून पायऱ्यांवर येतं. पानं शोधायला दिवसभर लागतो, फुटाणे दोन मिनिटांत मिळतात. दुसरं, हातातली पिशवी दिसली की त्यात खाऊ आहे, हे ते शिकतं. तिसरं, एखाद्या दिवशी खाऊ मिळाला नाही तर ते ओढून घेतं. मोठा नर १८-२० किलोचा असू शकतो आणि त्याचे सुळे कुत्र्याच्या सुळ्यांपेक्षा कमी नसतात. चौथं, रस्त्याच्या कडेला थांबून गाडीतून खाऊ फेकला जातो, तिथे वानरं बसून राहतात आणि गाड्यांखाली येतात.

शेवटची पायरी सर्वांत वाईट. कुणाला तरी चावा बसतो, तक्रार होते आणि ‘उपद्रवी’ म्हणून पिंजरा लागतो. पकडून दुसऱ्या जंगलात सोडलेल्या वानराला तिथल्या कळपात सहज जागा मिळत नाही. ज्याला आपण खाऊ घातला, त्यालाच आपण गुन्हेगार ठरवतो.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वानराला संरक्षण आहे. त्याला पकडणं, मारणं हा गुन्हा आहे. आणि जंगलात याच वानराचं काम मोलाचं आहे. पेंचच्या जंगलात वाघ-बिबट्या दिसला की झाडावरचं वानर खकारून इशारा देतं आणि खालची चितळं सावध होतात. वानरांनी खाताना खाली टाकलेली पानं-फळं हीच चितळं खातात.

रीलवर दिसतं ते सगळं खरं असतं का?

डिसेंबर २०२१ आठवा. बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातलं लवूळ गाव. कुत्र्यांनी माकडाचं पिल्लू मारलं म्हणून माकडांनी सूड घेत शेकडो कुत्र्याची पिल्लं मारली, अशी बातमी जगभर फिरली. मीम्सचा पूर आला. नागपूरहून गेलेल्या वनविभागाच्या पथकाने दोन वानरं पकडली. सूड वगैरे गोष्ट मात्र लोकांनी रचलेली. वानरं कधी कधी पिल्लं उचलून उंचावर नेतात. तिथे ती भुकेने मरतात किंवा पडून मरतात. आकड्यांबद्दलही गावातच एकवाक्यता नव्हती.

दुसऱ्या टोकाला धाराशिव जिल्ह्यातलं उपळा गाव आहे. तिथे ३२ एकर जमीन माकडांच्या नावावर नोंदलेली असल्याची बातमी २०२२ मध्ये आली होती. लग्नकार्यात आधी माकडांचा मान, अशी तिथली जुनी रीत. एकच प्राणी, एका गावात खलनायक आणि दुसऱ्या गावात जमीनदार. दोन्ही वेळा आपण माकडात माणूस बघतो.

रामटेकला किंवा कुठेही वानरं बघायला जाताना

• खाणं पूर्ण बंद पिशवीत, शक्य असेल तर गाडीतच ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज वानराला नीट ओळखू येतो.

• चार-पाच मीटरचं अंतर ठेवा. पिल्लू असलेल्या मादीच्या जवळ अजिबात जाऊ नका.

• डोळ्यांत रोखून बघणं आणि दात दाखवून हसणं, वानराच्या भाषेत दोन्ही धमक्या आहेत. फोटो काढताना हे लक्षात ठेवा.

• वानराने काही धरलंच तर ओढाताण करू नका, सोडून द्या. पळू नका, पाठ न दाखवता हळू मागे सरका.

• चावा किंवा ओरखडा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. जपानमध्ये १९५७ पासून प्राण्यांमधला रेबीज संपला आहे. आपल्याकडे नाही. त्यामुळे तिथली रील बघून इथे जवळीक करू नका.

• जखमी वानर दिसलं किंवा कुणी पकडताना दिसलं, तर वनविभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ १९२६ या क्रमांकावर कळवा.

• काही द्यायचंच असेल, तर वड, पिंपळ, उंबर लावा आणि जगवा. ही झाडं वानरांना खाऊही देतात आणि सावलीही.

आणि जिगोकुदानीला जायचं असेल तर?

टोकियोहून बुलेट ट्रेनने नागानो, तिथून नागानो डेनतेत्सु रेल्वेने युदानाका, मग बसने कानबायाशी ओनसेन. पुढे जंगलातून १.६ किलोमीटरची पायवाट, बर्फात अर्धा ते पाऊण तास लागतो. घसरणार नाहीत असे बूट हवेत. बर्फासकट ते प्रसिद्ध दृश्य हवं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी. उन्हाळ्यात गेलात तर माकडं दिसतील, पण पाण्यात उतरायला त्यांना काहीच कारण नसतं.

तिकडे जाणं सगळ्यांना जमणार नाही. रामटेकचा गड मात्र कोराडीहून तासा-दीड तासावर आहे. सकाळी लवकर जा, पायऱ्यांवर एका कडेला रिकाम्या हाताने बसा. थोड्या वेळात वानरं तुमच्याकडे दुर्लक्ष करून आपापल्या कामाला लागतात. एक दुसऱ्याच्या पाठीतल्या उवा वेचतं, पिल्लू आईच्या शेपटीला लोंबकळतं, नर उंच फांदीवरून सगळ्यांवर नजर ठेवतो. हातात फुटाण्यांची पुडी असताना यातलं काहीच दिसत नाही.